सुभेदार शिर्क्यांचं पित्त

सुभेदार शिर्के माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. आधी कोपराच्या आतल्या बाजूकडे बघतात, मग मानेकडे, मग जमलं तर कानामागे. एवढी पाहणी उरकली की मग नमस्कार.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी मी लिफ्टसमोर सामानाची खोकी मोजत उभी होते. खोक्यांवर मीच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मसाले’, ‘देवघर’, ‘फुटणारं’. लिफ्टमधून एक ताठ कण्याचे, करड्या मिशांचे गृहस्थ बाहेर पडले. त्यांनी खोक्यांवरचं मराठी वाचलं, माझ्या मनगटावरच्या लाल चट्ट्याकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात विचारलं,

“काल काय खाल्लंत?”

“छोले,” मी दचकून म्हणाले.

“घरचे का बाहेरचे?”

“बाहेरचे. पण अहो, हे खोक्याची सुतळी घासून झालंय.”

“सुतळी निमित्त असते, ताई. आतून तयारी असल्याशिवाय बाहेर काही उठत नाही.” मग हात जोडून म्हणाले, “सुभेदार शिर्के, निवृत्त. तुमच्या वरच्या मजल्यावर. चिपळूणकडचे.”

त्यांचा सिद्धांत मला त्याच आठवड्यात तोंडपाठ झाला, कारण तो ऐकल्याशिवाय आमच्या इमारतीत कुणाला लिफ्ट वापरता येत नाही. “पोट म्हणजे हेडक्वार्टर. कातडी म्हणजे बॉर्डर. बॉर्डरवर गडबड दिसली की बॉर्डरवर मलम चोळत बसायचं नाही. हेडक्वार्टरात कोण घुसलंय ते शोधायचं.” सुभेदारांची सगळी नोकरी सैन्याच्या रसदीत गेली. हजारो जवानांच्या पोटात काय जातं हे बघण्यात आयुष्य काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्याला एकदम दोनच पोटं उरली. मग त्यांनी सोसायटीची पोटं दत्तक घेतली.

गेटवरच्या चौकीदाराला घामोळं आलं, तर त्याच्या डब्यातल्या लोणच्याची चौकशी झाली. तळमजल्यावरच्या खुरानाआंटींच्या गळ्याला नव्या हारानं खाज सुटली, तर त्यांना तीन दिवसांचं जेवण उलट क्रमानं सांगावं लागलं. आंटी मला म्हणाल्या, “सूबेदार साहब से मिलना हो, तो मैं फुल स्लीव पहनके जाती हूँ।” मुलं तर लिफ्टमध्ये काका दिसले की दोन्ही हात दप्तरामागे लपवतात.

या चौकशीमागे कारण होतं. स्वतः सुभेदारांच्या अंगावर दर दोन-चार दिवसांनी गांधी उठत होत्या. संध्याकाळी दंडावर एक लाल पट्टा, मग पाठीवर दोनचार, आणि बघता बघता कंबरेपर्यंत नकाशा. तासा-दोन तासांत सगळं गायब. सकाळी कातडी अशी साफ, की काल काही झालं होतं हे शपथेवर सांगितलं तरी कुणी मानणार नाही. सुभेदारांचा खरा राग खाजेवर नव्हता, या पसार होण्यावर होता. “समोर येऊन लढ की! हे काय, फायर करायचं आणि पळायचं!”

मी मानेसरला एका सुट्या भागांच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. आमच्याकडे माल खराब निघाला की एकच पद्धत असते. एका वेळी एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि थांबायचं. हे मी एकदा सुभेदारांना सहज सांगितलं. सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची बस पकडायला मी खाली धावले, तर ते गेटवर उभे.

“ताई, आजपासून वांग्याची नाकाबंदी.”

“वांग्याचीच का?”

“चेहऱ्यावरूनच वाटतं.”

वांगं कोठडीत गेलं. काही दिवसांनी गांधी पुन्हा उठल्या. मला ऑफिसात फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, तरी घेतला.

“वांगं निर्दोष. सोडून दिलं.”

“बरं झालं.”

“आमच्या हिला आज भरलं वांगं करायला सांगितलंय. एवढे दिवस उगाच बदनाम केलं त्याला.”

मग अंडं, मग बेसन, मग पनीर, मग शेंगदाणे. प्रत्येकाची नाकाबंदी, चौकशी आणि सन्मानानं सुटका. टोमॅटोवर त्यांचा पक्का संशय होता. तोही सुटला, तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मलाही आता या प्रकरणाची चटक लागली होती. बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत विचार करायचे, की दूध बघितलं, गहू बघितला, मग राहिलं काय? मी डॉक्टर नाही. पण कारण असलंच पाहिजे आणि ते सापडलंच पाहिजे, या बाबतीत सुभेदार आणि मी एकाच मातीचे निघालो.

या सगळ्यात स्वयंपाक करणारी व्यक्ती म्हणजे सुमनकाकू. त्यांच्याविषयी सांगायला फार नाही, कारण त्या फार बोलतच नाहीत. सुभेदार देशभर फिरले तेव्हा काकू चिपळूणजवळच्या वाडीत सासू-सासऱ्यांपाशी होत्या. सासरे गेले, सासू गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, सुभेदार शेवटच्या नेमणुकीवर दिल्लीत निवृत्त झाले, तेव्हा कुठं काकू इथं आल्या. हिंदी समजतं, बोलताना अडखळतात. भाजीवाल्याशी बोटांनी व्यवहार. नवऱ्याच्या नाकाबंद्यांवर त्यांचं एकच मत: “पित्त आहे ते. एवढं काय शोधायचं त्यात?”

शेवटी मीच दोघांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सुभेदार गाडी लावायला गेले. मी फोनवर होते. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “क्या तकलीफ़ है?” आणि काकूंनी हिय्या करून हिंदीत उत्तर दिलं,

“इनके अंग पे गांधी उठते हैं।”

“कौन उठते हैं?”

“गांधी। शाम को उठते हैं।”

मुलगी जरा गोंधळली. “तो आंटी, अभी उनको बिठा दीजिए। नंबर आने पर बुलाऊँगी।”

“बैठते हैं,” काकू कळवळून म्हणाल्या, “लेकिन फिर उठते हैं!”

मी फोन संपवून पोचेपर्यंत नाव लिहून झालं होतं. थोड्या वेळानं आतून हाक आली, “गांधीजी आ जाइए!” सुभेदार दुसऱ्या कुणाला जागा करून द्यायला अदबीनं बाजूला सरकले, आणि आमचा नंबर गेला. घरी येऊन मी हे माझ्या लेकीला हसत हसत सांगितलं, तर ती म्हणाली, “पण आई, गांधी उठणं म्हणजे नेमकं काय?” दिल्लीत वाढलेली मुलगी. तिला विनोद पोचलाच नव्हता, आधी शब्दच पोचवावा लागला.

डॉक्टर भले होते, नंबर चुकूनही त्यांनी आम्हाला शेवटी आत घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रक्त तपासलं, आणि पुढच्या भेटीत म्हणाले, “कभी पेट से होता है, कभी इन्फेक्शन से, कभी टेंशन से। ज़्यादातर लोगों में कारण मिलता ही नहीं। गोली लीजिए, चैन मिलेगा।”

“मिलता नहीं, या ढूँढते नहीं?” सुभेदारांनी विचारलं.

डॉक्टर हसले. “आप ढूँढिए। मिल जाए तो मुझे भी बताइए। पेट कैसा रहता है? खट्टी डकार? जलन?”

एवढं मात्र काकूंना बरोबर समजलं. “तेच!” त्या मला म्हणाल्या. “पित्त! मी कधीपासून सांगतेय.”

आता यात चूक कुणाची? आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त, आंबट ढेकर आली तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, आणि अंगावर लाल गांधी उठल्या तरी पित्तच. पोट आणि कातडी यांचा संबंध सिद्ध करायला सुभेदार एवढे झटत होते. काकूंना त्याची गरजच नव्हती. एकच शब्द, म्हणून एकच दुखणं, म्हणून एकच औषध. आमसुलाचं पाणी. सुभेदारांना गोळ्या मिळाल्या, पण त्या त्यांनी कपाटात ठेवून दिल्या. “गोळी घेतली की पुरावा नष्ट होतो, ताई.” काकूंचं पाणी मात्र पहिल्यापासून चालू होतं. रोज दुपारी एक पेलाभर पोटात, संध्याकाळी वाटीभर पाठीवर.

मग काकूंच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि काकू एकट्याच चिपळूणला गेल्या. त्यांना स्टेशनवर सोडून येताच सुभेदारांनी माझ्या दारात येऊन जाहीर केलं, “ताई, आता नाकाबंदी नाही. आता चढाई!”

“म्हणजे?”

“सगळे संशयित एकदम. बघतो कोण गोळी झाडतो ते.”

त्या दिवसांत त्या माणसानं जे खाल्लं ते लिहायला माझा हात धजत नाही. सकाळी छोले-भटूरे. दुपारी वांग्याचं भरीत आणि अंडी. संध्याकाळी कचोरी, वर टोमॅटोची चटणी. पहाडगंजला जाऊन जिलबी. मी रोज ऑफिसातून आले की वर जाऊन हजेरी घ्यायचे. सुभेदार बाहीविना बनियनमध्ये बाल्कनीत बसलेले असायचे, दोन्ही हात पुढे पसरून.

“बॉर्डर?”

“शांत,” ते म्हणायचे. आवाजात एवढी निराशा, की सांत्वन करावं का अभिनंदन, मला कळेना.

काकू परत येईपर्यंत बॉर्डर शांतच राहिली. काकू आल्या, घर झाडलं, ओट्यावरचे भटुऱ्यांचे तेलकट कागद बघून कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्याच दिवशी गांधी उठल्या. ऐन पाठीवर, चांगल्या तळहाताएवढ्या.

रविवार होता. काकू खाली धुतलेल्या चादरी वाळत घालत होत्या. मी सुभेदारांसमोर खुर्ची ओढून बसले.

“काका, एक एक बघू. काकू नव्हत्या तेव्हा काय काय खाल्लंत ते आपल्याला माहीत आहे. ते सगळं सुटलं. आता काकू आल्यावर पोटात नवीन काय गेलं?”

“भाकरी. मुगाची आमटी.”

“ती आधीही तपासलीय. अजून?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? काल दुपारी तुम्ही काय प्यायलात?”

सुभेदारांनी बनियन खाली ओढला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर आमसुलाचं पाकीट होतं. माझं आजोळ देवरुखचं. आमसूल म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. आमसूल असतं काळपट, सुरकुतलेलं, दिसायला अगदी दरिद्री. हे लालभडक होतं. मी एक तुकडा चिमटीत धरला. बोटं रंगली. साबणानं धुतली, तरी रंगलेलीच.

“हे कुठून आणलंत?”

“गावचं संपलं. मग पहाडगंजच्या एका दुकानातून. गेल्या दिवाळीच्या सुमारास.”

“आणि गांधी कधीपासून?”

“पहिल्यांदा उठल्या तेव्हा मला ताप येऊन गेला होता. म्हणूनच हिनं पाणी सुरू केलं.” त्यांनी दंड चोळला. “ताप गेला. गांधी राहिल्या.”

मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते, की हा रंगच गुन्हेगार होता अशी माझी शपथ नाही. डॉक्टर म्हणाले तसं, कधी कारण मिळत नाही, कधी भलतंच कारण खरं वाटतं. पण माझ्या कारखान्यात हा माल मी त्याच दिवशी परत पाठवला असता. मला एवढा आनंद झाला होता! पित्तावरचं औषधच पित्त उठवत होतं. मी दाराकडे निघाले.

“काकूंना सांगते.”

“ताई.” सुभेदारांनी एवढ्या हळू आवाजात मला कधी हाक मारली नव्हती. “बसा जरा.”

मी बसले. त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

“तुम्हाला आत्ता कळलं. मला ती गावाला असतानाच कळलं होतं.”

“मग कालचा पेला का प्यायलात?”

“ती प्रवासातून आलेली. आल्या आल्या आमसुलं भिजत घातली. नाही कसं म्हणू?” ते बाल्कनीतून खाली बघायला लागले. खाली काकू चादरीचं टोक दोरीवर ओढत होत्या. “अहो, मी वर्षातून एकदा सुट्टीवर जायचो. दोन दिवस पाहुण्यासारखा, मग कामं, मग निघायची तयारी. माझी पाठ तिनं निघतानाच तेवढी बघितली. इथं आल्यावर आम्ही समोरासमोर बसायचो आणि दोघंही टीव्हीकडे बघायचो. काय बोलायचं कळायचं नाही. तीही लाजायची, मीही. आता या वयात!”

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

“पाणी लावायला लागल्यापासून बोलते. मागं बसून. तोंड दिसत नाही ना, मग बोलते. आईला शेवटी काय काय झालं, पोरगी लहानपणी कशी हरवली होती, वाडीत भांडणं कुणाची. मला यातलं काही माहीत नव्हतं, ताई. माझ्याच घरातलं. गांधी गेल्या तर ती कशाला मागं बसेल?”

गुन्हेगार सापडला होता आणि तपास अधिकारीच त्याला लपवत होता. पण रोज तो रंग पोटात जाऊ देणं मला मान्य नव्हतं. मी व्यवहारी बाई आहे. मला एकच सुचलं.

“काका, पाकीट बदलू. माझ्या मावशीकडून देवरुखचं आमसूल मागवते. काकूंना सांगू की माहेरच्या वळणाचं खरं आमसूल मिळालं. पेलाही चालू, पाठही चालू.”

“आणि गांधी?”

“त्या गेल्या तर गेल्या. खाज सुटते असं सांगायला तुम्हाला कोण अडवतंय?”

सुभेदारांनी मिशीवरून बोट फिरवलं. आयुष्यात खोटा रिपोर्ट न दिलेला माणूस. शेवटी म्हणाले, “पाठीवरचं मला तर दिसत नाहीच.”

मावशीचं पार्सल आलं. काळंकुट्ट, ओलसर, खारट वासाचं. काकूंनी ते नाकाशी धरलं आणि लाल पाकीट स्वतःच कचऱ्यात टाकलं. “हे काय आमसूल होतं? ह्यांनी आणलेलं म्हणून बोलले नाही एवढे दिवस.” मी आणि सुभेदारांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर मी बॉर्डरची चौकशी केली की सुभेदार म्हणायचे, “चालू आहे किरकोळ.” सोसायटीच्या कोपरांची तपासणी मात्र पूर्वीसारखीच चालू राहिली. खुरानाआंटींची फुल स्लीवही.

परवा पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस द्यायला मी संध्याकाळी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. सुभेदार बाल्कनीकडे तोंड करून स्टुलावर बसले होते, बनियन खांद्यापर्यंत वर केलेला. मागं पाटावर काकू, हातात वाटी आणि कापसाचा बोळा. उन्हं तिरपी होऊन सरळ त्यांच्या पाठीवर पडली होती. पाठ स्वच्छ होती. एक गांध नाही, लालसर ठिपकासुद्धा नाही. डोळ्यांना चष्मा लागलेल्या मलासुद्धा दारातून ते दिसत होतं, आणि काकू तर वीतभर अंतरावर होत्या.

काकू वाडीतल्या कुठल्या तरी वेसणीवरून झालेल्या भांडणाचं सांगत होत्या. सांगता सांगता त्यांची मान वळली आणि मी दिसले. त्यांनी त्या कोऱ्या पाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसेल असं बोट ओठांवर ठेवलं. मग बोळा वाटीत बुडवला.

“अहो, इथं केवढी मोठी उठलीय,” त्या म्हणाल्या. “खाजतंय ना?”

“हां. तिथंच.”

“ही काय आज जायची नाही. वेळ लागेल हं.”

“लाव सावकाश,” सुभेदार म्हणाले. “मला आता कुठं जायचंय?”